शिवेच्या देवाला सिनेमा

ट्रकच्या मागच्या फळीवर बसून वानछिंग प्रोजेक्टरचे दातेरी रूळ ब्रशने साफ करत होती, तेवढ्यात फोन थरथरला. शिएचा निरोप होता. ‘छिंग ताई, घाई अजिबात नाही. पण सोमवारी सकाळी कळवाल ना? वरून सारखं विचारतायत.’ सोबत खाली वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र.

शिए तिचा साहेब. वयाने तिच्याहून बराच लहान आणि मनाने चांगला, त्यामुळे त्याच्यावर चिडताही येत नसे. ऑफिसात नवा गट तयार होत होता आणि त्यात ती येणार की नाही, एवढंच तिला कळवायचं होतं. त्या गटात कोणी प्रोग्राम लिहिणार नव्हतं. काय हवंय ते यंत्राला सांगायचं, यंत्र लिहिणार, आणि माणसांनी ते वाचून ‘ठीक आहे’ म्हणायचं. ज्यांना यायचं नाही त्यांना कंपनी फुलांचा गुच्छ देऊन मोकळं करणार होती.

तिने फोन तेलकट फडक्यावर पालथा ठेवला.

नवं शिकायचं तिला वावडं नव्हतं. झुबेई शहरातल्या या ऑफिसात ती लागली तेव्हा प्रोग्राम खोक्यात भरून दुकानांतून विकत. मग सगळं वेबसाइटवर गेलं, मग फोनमध्ये शिरलं, मग कुठल्यातरी दूरच्या यंत्रांवर जाऊन बसलं. दर वेळी तिने बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कपडे वाळत घालताना कानात धडे लावून नवी भाषा शिकून घेतली. ती कधी मागे पडली नाही. पण आ-पा, म्हणजे तिचे वडील, गेल्यानंतर एका रिकाम्या दुपारी तिला आठवून पाहावंसं वाटलं, आपण लिहिलेलं काय काय आज चालू आहे? दवाखान्यात नंबर लावायचं होतं, शाळेच्या बसचं होतं, भाजीबाजाराचं होतं. तिने एकेक शोधलं. काहीच उरलं नव्हतं. वाईट म्हणून कुणी फेकलं नव्हतं. मागून दुसरं आलं आणि ते त्याच्याखाली गेलं.

आ-पाचा प्रोजेक्टर मात्र होता. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली, शेवाळी रंगाचा, दोन माणसांनी उचलावा एवढा जड.

आ-पा जन्मभर देवांना सिनेमे दाखवत हिंडला. कुणाचा नवस फेडायचा असला, देवाचा वाढदिवस असला की लोक त्याला बोलावत. देवळासमोर पडदा उभारायचा, त्याचं तोंड देवाकडे करायचं आणि खेळ लावायचा. मधल्या जागेत लाल प्लॅस्टिकची स्टुलं मांडायची. माणसं आली तर येत, न आली तरी सिनेमा संपेपर्यंत चालवायचा, कारण ज्याच्यासाठी लावला तो समोर बसलेलाच असे. गेल्या शरदात आ-पा गेला. शिवेचा राखणदार देव तू-ती-कुंग, त्याच्या वाढदिवसाचं यंदाचं बोलावणं त्याने आधीच घेऊन ठेवलं होतं. देवळातून वेई काकूंचा फोन आला, “आता कोण येणार गं?” तेव्हा वानछिंगच्या तोंडून ‘मी’ निघून गेलं, आणि बोलून झाल्यावर तिला पहिल्यांदा रडू आलं.

त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं. हा खेळ आ-पाच्या जुन्या यंत्रावर, खऱ्या फिल्मवर, आपल्या हाताने शेवटपर्यंत नेता आला, तर सोमवारी शिएला ‘नाही’ कळवायचं आणि ट्रक घेऊन निघायचं.

लहानपणी ती या यंत्राशेजारी उभी असे. दिव्याच्या पेटीच्या फटीतून निळसर उजेड झिरपे, फिल्म टकटकत खाली उतरे, आणि आ-पाचा हात अधूनमधून तिच्या डोक्यावर येई. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमके. तो दिसला की ‘ठिपका!’ म्हणून ओरडायचं, हे तिचं काम. पुढे तिने पुष्कळ कामं केली. त्या कामाइतकं पोट भरलेलं वाटेल असं त्यांत एकही निघालं नाही.

“आलीस पुन्हा त्या लोखंडाला मिठी मारून?” ती घरात शिरली तेव्हा तिची आई, आ-बू, गॅसपाशी उभी होती. “हात धू. भांड्यांचा साबण घे, अंगाचा नको.”

“धुतेय, आ-बू.”

“तुझ्या बापाने एवढे सिनेमे दाखवले. एका देवाने तरी कधी टाळी वाजवली?”

“देव टाळ्या वाजवत नाहीत.”

“मग माणसांच्या कामाला लाग. ऑफिसात गारवा आहे, कॉफीचं मशीन आहे, तो शिए तुला ताई ताई करतो. नवीन शीक म्हणतोय. दगड फोड म्हणत नाहीये.”

“शिकायचं काही नाहीच त्यात. यंत्र करणार आणि मी बघणार.”

“बसून बघायचा पगार देतायत आणि बाई तोंड वाकडं करतायत.” आ-बूने सूपमधले मांसाचे गोळे डावाने खालवर केले. “तुझा बाप असता तर उड्या मारत गेला असता.”

“आ-पा? कधीच नाही.”

आ-बूने वळून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग सेलरीची पानं चिरून सूपात टाकली आणि वाडगा पुढे सरकवला. “गरम आहे तोवर खा.”

*

खेळाच्या दिवशी छ्यू काका रिळांचे डबे घेऊन दुपारीच आले. आ-पाला रिळं भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. धंदा बुडाला तसे ते आ-पाबरोबर ट्रकमध्ये बसून हिंडू लागले आणि पुढे तेच करत राहिले. आता सत्तरी उलटली होती, पण डोक्यावर टोपी तिरकी.

“हे घे. न्हाव्याचा सिनेमा. देवाचा आवडता,” डबे खाली ठेवत ते म्हणाले. “आणि ते तुझ्या आ-पाचं छोटं मशीन आणि लॅपटॉपही टाकलाय मागे.”

“ते कशाला, काका? मी फिल्म लावणार.”

“लाव की. मी कुठे नको म्हटलं? टाकून ठेवलाय आपला.”

वानछिंगने पहिला डबा उघडला. आतून आंबूस, लोणच्याच्या बरणीसारखा वास आला.

“म्हातारी झालीय फिल्म,” छ्यू काका म्हणाले. “माझ्यासारखी. उन्हात ताणू नकोस, तुटेल.”

“तुम्ही तुटलात का अजून?”

“बायकोला विचार.”

देऊळ शहराबाहेर, पूर्वीच्या भातखाचरांच्या टोकाला होतं. खाचरं गेली होती. त्यांच्या जागी चिपच्या कारखान्याची राखाडी भिंत उभी होती, पार आभाळापर्यंत गेल्यासारखी. देऊळ माणसाच्या उंचीचं, भिंतीला पाठ लावून बसलेलं. आत पांढऱ्या दाढीचा देव, पुढ्यात तांदळाचे मऊ गोळे शेंगदाण्याच्या कुटात घोळवून मांडलेले, चिक्की, संत्री. कारखान्यातले इंजिनिअर पाळीला जाताना स्कूटर थांबवत, घाईघाईने तीन उदबत्त्या खोचत, उत्पादन चांगलं निघू दे म्हणून पुटपुटत आणि गळ्यातलं ओळखपत्र सावरत फाटकाकडे पळत.

यंदा धुपाटण्याचा मान वेई काकूंकडे होता. म्हणजे वर्षभर देवाचं सगळं त्यांनी बघायचं. एरवी त्या फाटकासमोर नाश्त्याची गाडी चालवत, त्यामुळे देवाशीही गिऱ्हाइकाशी बोलल्यासारख्या बोलत.

“आली बघ खुनशेंगची मुलगी,” त्यांनी देवाला सांगितलं. “फिल्म आणलीय, जुनी. ऐकू येईल ना नीट? वारा आहे आज.”

शिंजूचा वारा सगळ्या मुलखात प्रसिद्ध, तो सांगायची गरज नव्हती. पडदा ताणायला तिघांना दोऱ्यांशी झोंबावं लागलं. स्टुलं मांडली तशी दोन उलथून गडगडत गेली. वानछिंगने ती आणून पुन्हा ओळीत ठेवली. अंधार पडता पडता तिने दिवा लावला. आधी लाल अक्षरांची पट्टी पडद्यावर टाकली, देवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खाली देणगी देणाऱ्यांची नावं. मग आठ अमर पुरुष ढगातून उतरून आशीर्वाद देतात तो लहानसा तुकडा. आणि मग सिनेमा.

यंत्र चाललं.

टकटक अंगात शिरली. वानछिंग एका हाताने फिल्मचा फास सांभाळत होती, दुसऱ्या हाताने दिवा कमीजास्त करत होती. डोळे टपालाच्या तिकिटाएवढ्या त्या फटीवर, जिथून फिल्म सरकत होती. कितीतरी वर्षांत आपलं सगळं अंग एका ठिकाणी आहे असं तिला वाटलं नव्हतं. तेलाचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास, पायांखाली ट्रकचा थरथराट. शेजारची जागा रिकामी होती. पण तिथे कुणी उभं राहिलं तर अडचण होऊ नये, म्हणून ती नकळत जरा बाजूला सरकून उभी राहिली होती.

पहिलं रीळ संपताना पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला. ती ओरडली नाही. ओठ तेवढे हलले.

दुसऱ्या रिळात फिल्म तुटली. पडदा पांढराफटक झाला. छ्यू काकांनी पुढे व्हायच्या आत तिने टोकं कापली, पट्टी चिकटवली, फास घातला आणि पुन्हा चालू केलं. “वा!” काका म्हणाले. तिने वळून पाहिलं नाही, पण कान गरम झाले. आता नुसतं शेवटपर्यंत न्यायचं.

थोड्याच वेळात ती पुन्हा तुटली. या वेळी नुसती तुटली नाही. कडेची भोकं ओळीने फाटत गेली, आकसलेली फिल्म रुळाच्या दातांवर बसेना, आणि ती हाताने पुढे ओढायला गेली तशी वीतभर, हातभर, वावभर भुगा होऊन तिच्या बोटांत येऊ लागली. तिने पट्टी लावली. निसटली. पुन्हा लावली. पुढचं रीळ चढवून पाहिलं. तेही तसंच. वाऱ्याने फिल्मचे तुकडे उचलले आणि स्टुलांमधून नेले.

पडदा पांढरा. देवळात देव. मध्ये कुणी नाही.

“आ-छिंग, देवासमोर फार वेळ कोरा पडदा ठेवू नये,” छ्यू काका हळूच म्हणाले.

“एक मिनिट, काका.”

“मिनिटाने काय होणार? फिल्म मेलीय.”

“एक मिनिट म्हटलं ना!”

वेई काकू देवळाच्या पायरीवरून उठून ट्रकपाशी आल्या. “काय झालं गं? देव वाट बघतोय.”

वानछिंगच्या हाताला तापलेला पत्रा लागला तेव्हा तिने हात मागे घेतला. “नाही होत,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. “छोटं मशीन काढा.”

काकांनी ते काढलं. पोळीच्या डब्याएवढं होतं. त्यांनी ते स्टुलावर ठेवलं, तार जोडली, लॅपटॉप उघडला. तिथे न्हाव्याचा तोच सिनेमा होता. वानछिंगने तुटला होता तो प्रसंग शोधला. बोट कळीवर ठेवलं, तेवढ्यात वेई काकू म्हणाल्या, “थांब. असं कसं? आधी त्याला विचार. फिल्म सांगून हे दाखवायचं तर परवानगी नको?”

वाटाण्याच्या शेंगेसारखे वाकडे दोन लाल लाकडी ठोकळे काकूंनी तिच्या हातात दिले. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा, एक पालथा पडला की देवाचं ‘हो’. दोन्ही पालथे म्हणजे ‘नाही’. दोन्ही उताणे पडून डुलत राहिले तर देव हसतोय.

वानछिंगने गुडघे टेकले, नाव सांगितलं, पत्ता सांगितला, जन्मतारीख सांगितली. फिल्म फाटली, उरलेला सिनेमा या मशीनवर दाखवू का, म्हणून विचारलं आणि ठोकळे सोडले. एक उताणा, एक पालथा.

“लगेच!” वेई काकू म्हणाल्या. “त्याला सवय झालीय आता. तुझ्या आ-पाने पहिल्यांदा हे डबडं आणलं तेव्हा नाहीच म्हणत होता. तुझा आ-पा ऐकतोय थोडाच. टाकतोय, टाकतोय. गुडघे दुखायला लागले तरी टाकतोय. शेवटी देवच कंटाळला.”

“आ-पा विचारत होता? हे मशीन चालेल का म्हणून?”

“दर वेळी काहीतरी नवीन घेऊन यायचा की तो. आधी त्या परातीएवढ्या तबकड्या, मग छोट्या तबकड्या, मग हे. देव म्हणाला असेल, याला सिनेमा दाखवायचाय की दुकान?”

वानछिंगने कळ दाबली. पडद्यावर न्हावी पुन्हा धावू लागला. टकटक नव्हती. वारा, आणि स्पीकरमधून माणसांचे आवाज. हातांना काही काम उरलं नाही, तेव्हा तिने ते जॅकेटच्या खिशात घातले.

“काका,” ती म्हणाली, “आ-पाचं त्या मोठ्या यंत्रावर प्रेम होतं ना?”

छ्यू काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “कुणी सांगितलं तुला?”

“मी बघायचे की.”

“तू त्याच्या कंबरेएवढी होतीस. शिव्या तुला ऐकू जायच्या नाहीत, यंत्र एवढं ठोकायचं. त्या लोखंडाने त्याची पाठ मोडली. तीनदा विकायला काढलं, कुणी घेईना, म्हणून ताडपत्रीखाली पडलं.” ते तिच्याकडे वळले. “राग नको मानू. तू फिल्म फिल्म करत होतीस, मला सांगवेना.”

“मग त्याला आवडायचं काय?”

“सिनेमा,” काका म्हणाले. हे तिला ठाऊक नसावं याचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं. “फिल्म होती तोवर बघायला कुठे मिळायचा? डोळे सगळे त्या फटीवर. ऐंशी वेळा लावलेला सिनेमा त्याने कधी नीट बघितलेला नसायचा. म्हणून तर प्रत्येक नव्या मशीनच्या मागे हात धुवून लागायचा. याला तरी सोडून बसता येईल का, एवढंच बघायचा. हे छोटं आलं आणि पहिल्या दिवशी कळ दाबून तो जो खाली जाऊन बसला, पहिल्या ओळीत, तो उठलाच नाही. हसत होता मोठमोठ्याने. हा न्हावी डॉक्टर बनून बाईची नाडी बघतो ना, हातात कंगवा तसाच असतो, त्याला तर डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, खुनशेंग, अरे देव काय म्हणेल? तर म्हणाला, देवाला सोबत नको का?”

“मला कधी बोलला नाही.”

“म्हणायचा. आ-छिंगला एकदा आणलं पाहिजे, आता शेजारी बसून बघता येतं. मग म्हणायचा, जाऊ दे, तिचं ते नवीन काहीतरी शिकायचं चाललंय.”

ट्रकमधलं यंत्र तापलेलं होतं ते गार होताना बारीक कडकड करत होतं. तिने इतके महिने जपलेला तो आनंद, निळा उजेड, डोक्यावरचा हात, तो खरा होता. पण तो एकटीचा होता. आ-पा त्या वेळी कधी हे संपेल आणि कधी बसेन म्हणत असणार. आणि तो बसला तेव्हा ती तिथे नव्हती.

ती पुन्हा देवळापाशी गेली आणि ठोकळे उचलले.

“आता काय?” वेई काकू पायरीवर चिक्की चावत होत्या.

“माझं एक विचारायचंय.”

“विचार ना. आज वाढदिवस आहे, खुशीत असेल.”

नाव, पत्ता, जन्मतारीख. “ऑफिस सोडून मी आ-पाचं काम करू का?” ती पुटपुटली आणि ठोकळे टाकले. दोन्ही उताणे पडले आणि होडीसारखे डुलत राहिले.

“हसला,” काकू म्हणाल्या. “काय विचारलंस?”

तिने सांगितलं.

“मग हसेल नाही तर काय! दोन प्रश्न एका गाठीत बांधलेस. ऑफिस सोडू का हा एक. बापाचं काम करू का हा दुसरा. एकाला हो आणि एकाला नाही म्हणायचं असलं तर त्या बिचाऱ्याने कुठला ठोकळा कसा पाडायचा? तुम्ही शिकलेल्या मुली सगळ्या अशाच. त्या फाटकातली पोरं येतात, प्रमोशन मिळेल का आणि लग्न होईल का, एकदम! एका वेळी एक विचार.”

वानछिंग ठोकळे हातात धरून बसून राहिली. गाठ सोडवायला घेतली तर सुटत गेली. नव्या गटात तिने काय करायचं होतं? यंत्र लिहील ते बघत बसायचं. यंत्राकडेच बघायचं होतं, कारण त्यातून जे बनणार होतं तिथवर तिची नजर कधी पोचणारच नव्हती. ती पोचायच्या आत त्याच्या जागी दुसरं आलं असतं. आणि आजची सबंध संध्याकाळही ती यंत्राकडेच बघत होती. तिथलं यंत्र नवं, इथलं जुनं. आ-पाने नवं आणलं ते खाली बसायला मिळावं म्हणून. तिच्या ऑफिसात इतकं नवं आलं, त्यातल्या एकानेही कुणाला खाली बसू दिलं नव्हतं. एक शिकून झालं की दुसरं उभं.

“पुढच्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी सिनेमा आणू का?” तिने विचारलं, एवढंच. ठोकळे पडले. एक उताणा, एक पालथा.

“हो!” काकूंनी टाळी वाजवली. “आणि दुसरं? ऑफिसचं?”

“ते त्याला नको विचारायला.”

तिने फोन काढला. बोटांना अजून तेल होतं, काच दोनदा ऐकेना. ‘शिए, मी नव्या गटात येत नाही. तुझ्यावर राग नाही.’ अस्वल घालावं का म्हणून क्षणभर विचार केला आणि तसंच पाठवलं. छातीत मोकळं वाटेल अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. भूक लागल्यासारखं वाटलं, पण भूकही नव्हती. हे आ-पाला सांगावंसं वाटलं. ते वाटणं काही जाणार नव्हतं, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

“कळवलंस?” छ्यू काका जवळ आले होते.

“कळवलं. काका, ते लोखंड घेणारं कुणी सापडलं तर देऊन टाका.”

“आणि मग तू करणार काय? वर्षातून एकदा देवाचा सिनेमा, बाकीचे दिवस?”

“बघू.”

“आ-बू मला झाडूने मारेल.”

“तुम्ही पळा. तुम्ही तुटत नाही.”

काका हसले आणि ट्रककडे वळले. वाऱ्याने विखुरलेली फिल्म गोळा करायची होती. वानछिंग स्टुलांच्या ओळींतून चालत पुढे गेली. मागे वळून देवाला ओझरता नमस्कार केला, आणि पहिल्या ओळीत, त्याच्याकडे पाठ करून, बसली. प्लॅस्टिक गार होतं. पडदा इतका जवळ आणि इतका मोठा असेल असं तिला वाटलं नव्हतं. न्हावी एका पलंगाखाली लपला होता, अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, आणि वर कुणीतरी रडत होतं.

कारखान्याच्या फाटकातून पाळी संपवून एक सुरक्षा रक्षक बाई बाहेर आली. पन्नाशीची, गणवेशावर स्वतःचं फुलाफुलांचं जॅकेट चढवलेली. तिने उदबत्त्या लावल्या, हात जोडले, आणि जायला निघून थबकली. मग वानछिंगच्या शेजारचं स्टूल ओढून बसली आणि खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढून दोघींच्या मध्ये धरली.

“किती वर्षांत असा सिनेमा बघितला नाही,” ती म्हणाली. “कोण आहे हा पलंगाखालचा? आतापर्यंत काय झालं?”

वानछिंग सांगायला गेली आणि थांबली. तिच्याजवळ सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

“मला नाही माहीत हो,” ती म्हणाली. “मी आत्ताच बसले.”

“मग बघू या,” बाई म्हणाली आणि शेंग फोडली.